गाठ लहान झाली का?

कर्करोगाच्या उपचारांना दोन-तीन महिने झाले की रुग्णाच्या घरची माणसे डॉक्टरांना एकच प्रश्न विचारतात, ‘गाठ लहान झाली का?’ प्रश्न साधा आहे. मोजपट्टी लावावी आणि उत्तर द्यावे, असे आपल्याला वाटते. पण या साध्या प्रश्नाचे विश्वासार्ह उत्तर मिळवण्यासाठी वैद्यकशास्त्राला शंभराहून अधिक वर्षे धडपडावे लागले आहे, आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या बाबतीत ती धडपड अजून संपलेली नाही. तिची हकीकत आज आपण पाहणार आहोत. सुरुवात मात्र रुग्णालयात न करता एका गादीपाशी करू.

१९७६ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे कर्करोगतज्ज्ञ चार्ल्स मोर्टेल आणि संख्याशास्त्रज्ञ जेम्स हॅन्ली यांनी एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. एका मऊ गादीवर लहानमोठे बारा भरीव गोळे मांडले आणि त्यांवर फोम रबराचा थर पसरला. मग सोळा अनुभवी कर्करोगतज्ज्ञांना सांगितले, की रोज रुग्णाची गाठ जशी चाचपून मोजता तशीच ही ‘गाठ’ मोजा. पद्धत तुमची, साधनही तुमचेच. यातली खुबी अशी, की बारांपैकी दोन जोड्या अगदी एकाच मापाच्या होत्या. म्हणजे एकाच डॉक्टरने त्या जोडीतल्या दोन गोळ्यांची मापे वेगवेगळी दिली, तर तो फरक गोळ्यांतला नसून मोजण्यातला, हे उघड होते.

त्या काळी गाठीची लांबी आणि तिला काटकोनातली रुंदी मोजून त्यांचा गुणाकार करत. गुणाकार निम्म्यावर आला तर ‘प्रतिसाद मिळाला’ असे म्हणायचे. ही कसोटी लावली तेव्हा तसूभरही न बदललेल्या गोळ्यांपैकी सुमारे सात टक्के तुलनांत ‘प्रतिसाद’ मिळालेला दिसला! काही डॉक्टर पाव हिश्श्याची घटही प्रतिसाद मानत. ती कसोटी लावली तर हे प्रमाण १९ ते २५ टक्क्यांपर्यंत जात होते. थोडक्यात, औषध म्हणून साधे पाणी दिले असते तरी दर चार-पाच रुग्णांपैकी एकाला ‘गुण आला’ अशी नोंद झाली असती. त्यात कोणाची लबाडी नव्हती. सगळे तज्ज्ञ होते, प्रामाणिकही होते.

हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. गोधडीखाली सुपारी, लिंबू, चिक्कू, मोसंबे ठेवावे, त्यांतल्या दोन वस्तू होता होईल तो सारख्या मापाच्या निवडाव्यात आणि मुलांना मोजपट्टी देऊन एकेकट्याने मापे घ्यायला सांगावे. आम्ही तो आमच्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांवर करून पाहिला आहे. मोजमाप हाच ज्यांचा धंदा आहे अशा माणसांचीही त्यात चांगलीच फजिती झाली. आम्ही तिला अपवाद नव्हतो.

मोर्टेल आणि हॅन्ली यांनी गाठींविषयी नवे काही सांगितले नाही. त्यांनी विचारले ते एवढेच, की काहीही बदललेले नसताना तुमचे माप किती बदलते? ते आधी ठाऊक असेल तरच बदलाविषयी बोलता येते. पुढच्या सगळ्या हकिकतीत हाच प्रश्न वेगवेगळ्या वेषांत आपल्याला भेटणार आहे.

१९७९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गुणाकार निम्म्यावर येण्याची कसोटी जगभरासाठी नक्की केली. २००० साली तिच्या जागी ‘रेसिस्ट’ नावाची सोपी कसोटी आली. तिच्यात फक्त सर्वांत लांब व्यास मोजायचा, आणि तो ३० टक्क्यांनी घटला तर प्रतिसाद मानायचा. हा तीसचा आकडा कुठून आला, हे विद्यार्थ्यांना काढायला द्यावे. गोल गाठीचा व्यास १० वरून ७ वर आला तर व्यासांचा गुणाकार १०० वरून ४९ वर येतो, म्हणजे जुनी कसोटीच पुढे चालू राहते. घनफळ मात्र १००० वरून ३४३ वर येते. व्यास मोजणाऱ्याला तीस टक्के घट दिसते तेव्हा प्रत्यक्षात दोन तृतीयांश गाठ नाहीशी झालेली असते.

हे झाले गोल गाठीचे. अन्ननलिकेत तसे होत नाही.

नळी मोजायची कशी?

अन्ननलिका ही घशापासून जठरापर्यंत जाणारी सुमारे २५ सेंटीमीटर लांबीची स्नायूंची नळी. घास जात नसेल तेव्हा ती रिकाम्या मोज्यासारखी मिटलेली असते. तिच्यातला कर्करोग लिंबासारखा गोल वाढत नाही. जुन्या नळाच्या आतून क्षारांचा थर चढावा तसा तो भिंतीत पसरतो आणि आतली वाट अरुंद करत जातो. नळी ताणली जाणारी असल्याने बरीच अरुंद होईपर्यंत रुग्णाला काही जाणवत नाही. आधी भाकरी अडकते, मग मऊ भात, शेवटी पाणीसुद्धा. रुग्ण डॉक्टरकडे पोचतो तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

नळीचे आतले रूप पहिल्यांदा दिसले ते क्ष-किरणांमुळे. राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले नोव्हेंबर १८९५ मध्ये. वर्षभरातच हार्वर्ड येथे वैद्यकीचा विद्यार्थी असलेल्या वॉल्टर कॅनन याने त्यांचा उपयोग प्राणी घास कसा गिळतो हे पाहण्यासाठी केला. लांब मानेच्या हंसाला त्याने बिस्मथचे संयुग मिसळलेले खाणे दिले. बिस्मथ क्ष-किरण अडवतो, त्यामुळे हंसाच्या मानेतून खाली सरकणाऱ्या घासाची सावली पडद्यावर दिसली. बिस्मथच्या संयुगांनी विषबाधेच्या घटना घडू लागल्यावर, १९१० च्या सुमारास, त्याची जागा न विरघळणाऱ्या बेरियम सल्फेटने घेतली. ‘पांढरे औषध पाजून काढलेला फोटो’ म्हणून आपल्याकडे आजही लोकांना माहीत असलेली तपासणी ती हीच.

या फोटोत दिसते ती गाठ नव्हे. दिसते ते गाठीने मोकळे ठेवलेले भोक. उपचारांनंतर भोक रुंदावले तर रुग्णाला घास जाऊ लागतो, ही मोठीच गोष्ट आहे. पण भिंतीच्या आत काय उरले आहे, ते सावली सांगत नाही. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन घेतला, आणि थोड्याच वर्षांत छातीचे आडवे काप पाहण्याची सोय झाली. आता भिंतीची जाडी दिसू लागली. ताणलेल्या निरोगी अन्ननलिकेची भिंत पाच मिलिमीटरपेक्षा कमी जाड असते. पण ‘ताणलेल्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. स्कॅनच्या क्षणी नळी मिटलेली असेल तर तीच भिंत जाड दिसते. सोळा डॉक्टरांच्या हातांनी केलेली चूक इथे नळी स्वतःच करते!

शिवाय मेलेली गाठ लगेच नाहीशी होत नाही. औषधांनी आणि किरणांनी पेशी मेल्या की तिथे सूज येते आणि नंतर व्रण भरताना उरतो तसा तंतुमय भाग तयार होतो. स्कॅनवर जिवंत गाठ आणि हा तंतुमय भाग सारखेच करडे दिसतात. दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीचे साधन बसवून अन्ननलिकेच्या आतूनच भिंतीचे थर पाहण्याची पद्धत १९८० नंतर आली. गाठ किती खोल गेली आहे हे ती उपचारांपूर्वी उत्तम सांगते. उपचारांनंतर मात्र तिचीही फसगत होते, कारण तंतू आणि गाठ दोन्ही तिला काळेच दिसतात. अॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी २००५ मध्ये तोवरचे सगळे अभ्यास एकत्र करून तपासले. ज्या मापावर ५० टक्के म्हणजे निव्वळ नाणेफेक, त्या मापावर सीटीला मिळाले ५४. दुर्बिणीतल्या सोनोग्राफीला ८६ मिळाले. आणखी एका पद्धतीला ८५ मिळाले, तिच्याकडे आपण येणारच आहोत.

एवढा खटाटोप कशासाठी?

गाठ लहान झाली काय आणि नाही काय, शेवटी शस्त्रक्रिया करून काढायचीच आहे ना, असे कोणी विचारील. त्यासाठी १९८० सालचे चित्र पाहायला हवे. त्या वर्षी अर्लम आणि कुन्या-मेलो या दोघांनी अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियांवरील १२२ शोधनिबंधांचा आढावा घेतला. त्यांचा हिशेब असा होता: शंभर रुग्णांपैकी ५८ जणांवर शस्त्रक्रिया करून पाहिली जाते, ३९ जणांची गाठ काढता येते, त्यांतले १३ रुग्णालयातच दगावतात. घरी परतलेल्या २६ जणांपैकी एक वर्षाने १८, दोन वर्षांनी ९ आणि पाच वर्षांनी ४ जण हयात असतात. शंभरांतले चार.

शस्त्रक्रिया आज पुष्कळ सुरक्षित झाली आहे, तरी ती मोठीच आहे. छाती आणि पोट दोन्ही उघडून (किंवा आता छिद्रांतून) अन्ननलिका काढतात आणि जठराची नळी करून ती वर ओढून जोडतात. रुग्णाचे खाणे-पिणे, झोपणे सगळे त्यानंतर बदलते. म्हणून शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी देऊन, किंवा तिच्या जोडीला रुग्ण ज्याला ‘शेक’ म्हणतात ते किरणोपचार देऊन, गाठ आधी खच्ची करावी असा विचार पुढे आला. काही रुग्णांत तो फार चांगला लागू पडतो. हॉलंडमधील ‘क्रॉस’ या चाचणीत (२०१२) केमोथेरपी आणि किरणोपचार दोन्ही देऊन मग शस्त्रक्रिया केली, तेव्हा काढलेल्या अन्ननलिकेत सूक्ष्मदर्शकाखाली एकही जिवंत कर्कपेशी न सापडलेले रुग्ण २९ टक्के होते. भारतात जो प्रकार अधिक आढळतो, म्हणजे नळीच्या अस्तरातल्या सपाट पेशींचा कर्करोग, त्यात तर हे प्रमाण ४९ टक्के होते. युरोप-अमेरिकेत अधिक आढळणाऱ्या ग्रंथिपेशींच्या प्रकारात ते २३ टक्के होते.

आता दोन प्रश्न उभे राहतात, आणि दोन्ही जिवाशी खेळणारे आहेत. ज्यांना औषध लागूच पडत नाही त्यांना महिनोन्‌महिने उलट्या, अशक्तपणा सोसायला लावून शस्त्रक्रियेचा वेळ का दवडायचा? आणि ज्यांच्या अन्ननलिकेत कर्करोग उरलेलाच नाही, त्यांची अन्ननलिका काढायची तरी कशासाठी? खरे उत्तर विकृतिशास्त्रज्ञाकडे असते. फ्रान्समधील मांदार आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये त्यासाठी पाच पायऱ्यांची पद्धत घालून दिली. जिवंत पेशी अजिबात नाहीत, ही पहिली पायरी. उपचारांचा काहीच परिणाम नाही, ही पाचवी. पण हा निकाल अन्ननलिका काढून काचपट्टीवर गेल्यावर मिळतो. परीक्षेनंतर प्रश्नपत्रिका हाती यावी, तसाच हा प्रकार.

साखरेची गोष्ट

आकार फसवतो, तर आकार मोजायचाच कशाला? गाठ जिवंत आहे की नाही, हेच विचारावे. या वाटेची सुरुवात १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये झाली होती. ओटो वॉरबुर्ग यांना आढळले, की कर्कपेशी ग्लुकोज अधाशासारखे ओढून घेतात आणि भरपूर ऑक्सिजन असतानाही त्याचे लॅक्टिक आम्ल करत राहतात. आंबवण्यासारखी ही क्रिया. हेच कर्करोगाचे मूळ कारण, असे वॉरबुर्ग मानत. ते मत आज तसेच्या तसे कोणी स्वीकारत नाही. निरीक्षण मात्र टिकले.

हा अधाशीपणा बाहेरून दिसावा कसा? ग्लुकोजच्या रेणूतल्या दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट काढून टाकला तर पेशीला फरक कळत नाही. ती त्याला आत घेते, त्याला फॉस्फेट जोडते, आणि तिथेच गाडी अडते. पुढच्या विकराला तो रेणू चालत नाही आणि फॉस्फेट जोडलेला रेणू बाहेरही पडू शकत नाही. लुईस सोकोलॉफ यांनी या युक्तीने उंदराच्या मेंदूतला ग्लुकोजचा वापर मोजला, पण त्यासाठी मेंदूचे काप करावे लागत. माणसासाठी कवटीबाहेर येणारे किरण हवेत. म्हणून अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत तात्सुओ इडो आणि सहकाऱ्यांनी त्या रिकाम्या जागी किरणोत्सारी फ्लोरिन-१८ बसवले. हेच एफडीजी.

फ्लोरिन-१८ चा अणू पॉझिट्रॉन बाहेर टाकतो. पॉझिट्रॉनला एक-दोन मिलिमीटरच्या आतच इलेक्ट्रॉन भेटतो, दोघेही नाहीसे होतात आणि ५११ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन गॅमा किरण बरोबर विरुद्ध दिशांना निघतात. रुग्णाभोवतीच्या कड्यातल्या दोन गणकांनी एकाच क्षणी ठिणगी नोंदवली, की उगम त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर आहे हे कळते. अशा लाखो रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे साखर साठली आहे. याचे नाव पेट स्कॅन. (या पेटचा हिंदीतल्या पोटाशी संबंध नाही, तरी अनेक रुग्ण पोटाचीच तपासणी समजून येतात. मराठीत मात्र नाव फार चपखल बसले आहे. चित्रात गाठ खरोखरच पेटलेली दिसते.)

फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटांचे आहे, ही मोठी अडचण. ऑगस्ट १९७६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अबास अलावी यांनी माणसाला पहिल्यांदा एफडीजी टोचले, तेव्हा ते ब्रुकहेवनमध्ये तयार करून विमानाने फिलाडेल्फियाला आणावे लागले होते. मुलांना एक गणित देता येईल: मुंबईत बनवलेले एफडीजी पुण्याच्या रुग्णाला टोचेपर्यंत ३ तास ४० मिनिटे गेली, तर किती उरेल? दोन अर्धायुष्ये म्हणजे पाव हिस्सा. म्हणूनच पेट स्कॅनच्या मागे जवळपास कुठेतरी सायक्लोट्रॉन असावा लागतो. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परळ येथील किरणोत्सार वैद्यक केंद्रात २००२ साली सुरू झाला.

अलावी आणि सोकोलॉफ यांना शोध घ्यायचा होता तो मेंदूचा. कर्करोग त्यांच्या मनात नव्हता. मेंदूतल्या गाठींकडे हे तंत्र वळले १९८२ च्या सुमारास, आणि अन्ननलिकेकडे यायला आणखी दशक-दीड दशक गेले. विज्ञानात अशी आडवळणे फार. योजना आखून या वाटेने कोणी आले असते असे आम्हाला वाटत नाही.

म्युनिकचे चौदा दिवस

पेटमध्ये गाठ किती पेटली आहे, ते आकड्यात सांगता येते. समजा ६० किलोच्या रुग्णाला ३०० मेगाबेक्वेरेल एफडीजी दिले. ते शरीरभर सारखे पसरले असते तर दर ग्रॅमला ५००० बेक्वेरेल आले असते. गाठीत दर ग्रॅमला ५०,००० सापडले तर तिचा आकडा १०. शरीराच्या सरासरीच्या दसपट साखर तिने खाल्ली, असा त्याचा अर्थ.

इथे पुन्हा गादीवरचे गोळे आठवावेत. आज १० आणि पंधरा दिवसांनी ८.५ आले, तर औषध लागू पडले का? म्युनिकच्या तंत्र विद्यापीठातील वोल्फगांग वेबर आणि सहकाऱ्यांनी तेच विचारले, जे मोर्टेल यांनी विचारले होते. त्यांनी १६ रुग्णांचा स्कॅन दहा दिवसांच्या आत दोनदा घेतला, मध्ये कोणताही उपचार न देता. रक्तातली साखर, टोचल्यापासून स्कॅनपर्यंतचा वेळ, यंत्राची जुळणी, सगळ्यांनी आकडा थोडा हलतो. १९९९ मध्ये त्यांनी निष्कर्ष दिला, की वीस टक्क्यांपेक्षा मोठा बदल असेल तरच तो खरा मानावा. आमच्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, जरी त्याची आठवण क्वचितच कोणी काढतो.

पाया भक्कम झाल्यावर २००१ मध्ये त्याच गटाचा पुढचा निबंध आला. अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावर ग्रंथिपेशींचा कर्करोग असलेल्या ४० रुग्णांचा पेट स्कॅन केमोथेरपीपूर्वी आणि सुरू केल्यावर चौदाव्या दिवशी घेतला. चौदा दिवसांत आकार काही सांगत नाही. साखरेची भूक मात्र ज्यांना पुढे गुण आला त्यांच्यात सरासरी ५४ टक्क्यांनी घटली होती, इतरांत फक्त १५ टक्क्यांनी. ३५ टक्क्यांवर रेघ मारली, तर पुढे तीन महिन्यांनी कळणारी गोष्ट दहांपैकी नवाहून अधिक वेळा आधीच कळत होती. आपल्या उदाहरणात १० वरून ६ म्हणजे ४० टक्के घट, रुग्ण रेघेच्या पलीकडे. १० वरून ७ म्हणजे ३० टक्के, रुग्ण अलीकडे.

भाकीत बरोबर येणे वेगळे आणि त्यावरून उपचार बदलणे वेगळे. ते धाडसही म्युनिकमध्येच झाले. ‘म्युनिकॉन’ चाचणीचे निकाल २००७ मध्ये लोर्डिक आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. चौदाव्या दिवशीचा स्कॅन चांगला आला त्या ५४ जणांची केमोथेरपी तीन महिन्यांपर्यंत चालू ठेवली. उरलेल्या ५६ जणांची तिथेच थांबवून त्यांना सरळ शस्त्रक्रियेला पाठवले. पहिल्या गटात शस्त्रक्रिया झालेल्या ५० पैकी २९ जणांत काढलेल्या भागातली दहा टक्क्यांहून कमी गाठ जिवंत उरली होती. दुसऱ्या गटात असा एकही नव्हता. यंत्राचा शब्द खरा ठरला होता.

आणि तरीही यश अर्धेच होते, हे सांगितले पाहिजे. दुसऱ्या गटाचा निरुपयोगी औषधाचा त्रास वाचला, पण आयुष्य वाढले नाही. त्यांच्यातले निम्मे २५.८ महिन्यांच्या आत दगावले. पहिल्या गटातले निम्म्याहून अधिक तेव्हा हयात होते. मग पुढच्या चाचणीत (निकाल २०११) या ‘न पेललेल्या’ रुग्णांना किरणोपचारांची जोड देऊन पाहिली. गाठी काही जणांत अधिक मेल्या, जगणे लांबले नाही. अमेरिकेत २५७ रुग्णांच्या चाचणीत स्कॅन वाईट आला की औषधच बदलून किरणोपचार दिले. तिचे निकाल २०२१ मध्ये आले. औषध बदललेल्यांपैकी सुमारे १८ ते २० टक्क्यांत गाठ पूर्ण नाहीशी झाली. चाचणी आखताना धरून चाललेला आकडा ५ होता. बरी बातमी, पण तिच्या जोडीला औषध न बदललेला गट ठेवलेला नव्हता. आम्हाला ती पुरावा म्हणून तोकडी वाटते.

ही ३५ टक्क्यांची रेघ केमोथेरपीची आणि ग्रंथिपेशींच्या प्रकाराची, हेही विसरू नये. किरणोपचारांनंतर गणित पुन्हा बिघडते. किरणांनी अन्ननलिका भाजल्यासारखी होते, दाह होतो, आणि दाहाच्या जागी धावून आलेल्या पांढऱ्या पेशीही साखर खातात. गाठ विझलेली असते आणि चित्र पेटलेले! उलट बाजूही आहे. यंत्राला चार-पाच मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील दिसत नाही. पाच मिलिमीटरच्या गोळ्यात लक्षावधी पेशी मावतात. एवढ्या जिवंत उरल्या तरी पडद्यावर काळोखच.

हॉलंडमधला कौल

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे (अन्ननलिका ठेवावी का?) उत्तर एकट्या चित्रावर सोडता येत नव्हते. डच संशोधकांनी आधी स्वतःचीच परीक्षा घेतली. केमोथेरपी आणि किरणोपचार झालेल्या रुग्णांना त्यांनी सगळ्या तपासण्या करून ‘गाठ उरली आहे की नाही’ ते लिहून ठेवले, मग शस्त्रक्रिया केली आणि काचपट्टीशी ताडून पाहिले. गादीवरच्या सारख्या गोळ्यांचे काम इथे विकृतिशास्त्रज्ञाने केले. २०१८ मध्ये निकाल आला. दुर्बिणीतून नेहमीसारखे तुकडे काढले तर मोठ्या उरलेल्या गाठींपैकी ३१ टक्के निसटत होत्या. कारण साधे होते. वरचे अस्तर भरून आलेले असे आणि कर्करोग त्याच्या खाली दडून राही. मग चिमट्याने एकदा घेतलेल्या चाव्याच्या खळग्यातच पुन्हा चावा घ्यायचा, आणि संशयित लसिकाग्रंथींत सुई घालायची, असे केल्यावर निसटणाऱ्यांचे प्रमाण १० टक्क्यांवर आले. पेट स्कॅनचा उपयोग वेगळ्याच ठिकाणी झाला. मधल्या काळात कर्करोग दूर दुसरीकडे पसरलेले सुमारे ९ टक्के रुग्ण त्याने शोधून दिले. त्यांची मोठी शस्त्रक्रिया व्यर्थच गेली असती.

हे हाती आल्यावरच त्यांनी शस्त्रक्रिया लांबणीवर टाकण्याची ‘सॅनो’ ही चाचणी केली. सर्व तपासण्यांत कर्करोगाचा मागमूस नसलेल्या ३०९ रुग्णांपैकी १११ जणांची ठरल्याप्रमाणे शस्त्रक्रिया झाली. १९८ जणांना नुसते नजरेखाली ठेवले आणि कर्करोग पुन्हा दिसला तरच शस्त्रक्रिया करायची असे ठरवले. २०२५ मध्ये निकाल आला. दोन वर्षांनी नजरेखालच्या गटातले ७४ टक्के हयात होते, शस्त्रक्रियेच्या गटातले ७१ टक्के. थांबल्याने तोटा झाला नव्हता.

पण याच १९८ जणांचा दुसरा हिशेबही तिथेच दिला आहे. त्यांच्यापैकी सुमारे निम्म्यांच्या अन्ननलिकेत किंवा शेजारच्या ग्रंथींत कर्करोग पुन्हा उगवला. शेवटपर्यंत रोगमुक्त राहिले ३५ टक्के. ‘काही नाही’ असे सांगितले गेले तेव्हा या दोन्ही प्रकारच्या रुग्णांचे स्कॅन, दुर्बिणीतली चित्रे आणि चिमट्याने काढलेले तुकडे सारखेच स्वच्छ होते. कोणाचे खरोखर स्वच्छ होते, ते त्या दिवशी कोणालाच सांगता आले नसते. म्हणून अन्ननलिका शाबूत राहिलेला रुग्ण पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी परत येतो, आदल्या रात्रीपासून उपाशी, आणि यंत्राच्या कड्यात जाऊन झोपतो.